जुन्या पिकअपचे ब्रेक: घरी खोलायचे, फिटरकडे न्यायचे की शोरूमला?

मोसंबीचे क्रेट किंवा सोयाबीनची पोती भरून मोंढ्यावर जाणारी पिकअप दहा-बारा वर्षांची झाली, की कधीतरी पेडल खोल जायला लागतं किंवा पुढच्या चाकातून करकर ऐकू येते. मालकापुढे तेव्हा तीन वाटा असतात: अंगणात जॅक लावून स्वतः खोलायचं, फिटरकडे गाडी लावायची, किंवा शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला सोडायची. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या डिझेल पिकअपसाठी या तीन वाटांची ही तुलना आहे.

आमचं मत आधीच सांगतो. ब्रेक ऑइलची लाइन उघडावी लागणार का, यावर ठरवा. फक्त पॅड (पुढच्या डिस्कला घासणारे) किंवा लायनर (मागच्या ड्रमला आतून घासणारे) बदलायचे असतील, तर नीट पाने, दोन घोड्या (उचललेली गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) आणि अर्धा दिवस हाताशी असलेला माणूस हे काम घरी फिटरइतकंच चांगलं करू शकतो. बऱ्याचदा सरसही करतो, कारण त्याच्या मागे पुढच्या गाडीची घाई नसते. लाइन उघडायची वेळ आली, की फिटर. शोरूमची गरज मोजक्याच वेळी पडते.

खोलण्याआधी पेडलला विचारा

पेडल पहिल्या दाबाला खोल गेलं आणि लगेच दुसऱ्यांदा मारल्यावर वर येऊन कडक झालं, तर मागचे लायनर घासून ड्रमपासून लांब गेलेत. हे घरचं काम. दुसऱ्या-तिसऱ्या दाबालाही ते स्पंजासारखं लागलं, तर लाइनमध्ये हवा आहे. इंजिन चालू ठेवून अर्धा मिनिट एकसारखा पाय दाबून धरला आणि पेडल हळूहळू खाली सरकत राहिलं, बाहेर मात्र कुठेच ऑइल गळत नाही, तर मास्टर सिलिंडरचं (पेडलच्या दाबाने ऑइल लाइनमध्ये ढकलणारा मुख्य सिलिंडर) आतलं रबर गेलं आहे. पेडल दगडासारखं कडक असेल, तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) तपासा: इंजिन बंद करून पाच वेळा पेडल मारा, मग पाय दाबून ठेवूनच इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर बूस्टर, त्याची नळी किंवा व्हॅक्यूम पंप यांपैकी काहीतरी बिघडलं आहे. हा पंप बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरवरच बसवलेला असतो. हवा, मास्टर आणि बूस्टर ही तिन्ही कामं फिटरची.

जागा नसेल तर विषय तिथेच संपतो

काळ्या मातीवर जॅक लावू नका. पावसाळ्यात जॅकचा पाय रुततो, उन्हाळ्यात भेगाळलेल्या ढेकळावर तो तिरका होतो. अंगणातल्या शहाबादी फरशीवरही विसंबू नका. खाली पोकळी असेल तर जॅकखाली ती तडकते. सिमेंटचा कोबा हवा, आणि त्यावरही जॅकखाली रुंद, जाड फळी. गाडी रिकामी करा. मागचं चाक उचललं की हँडब्रेकचा उपयोग संपतो, कारण तो मागच्याच चाकांवर चालतो. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून ठोकळे लावा. एक्सलखाली घोड्या हव्यातच. विटांचा थर किंवा नुसता जॅक यांच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. कोबा आणि घोड्या दोन्ही नसतील, तर गाडी फिटरकडे न्या.

पुढचे पॅड: घरी करा

पॅडचा घासणारा थर 3 मिमीवर आला की बदला. करकर आवाज बहुधा पॅडवरच्या पत्र्याच्या पट्टीचा असतो. ती डिस्कला टेकून इशारा देते. तो आवाज खरखरीत, घसटल्यासारखा झाला, तर लोखंडाला लोखंड लागलं आहे आणि डिस्क खराब होते आहे.

आधी ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण उघडून, ऑइल काठोकाठ असेल तर इंजेक्शनच्या स्वच्छ सिरिंजने थोडं काढून घ्या. नाहीतर पिस्टन मागे दाबताना ते बाहेर सांडून रंग उडवतं. चाक काढा, कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवा किंवा दोन्ही बोल्ट काढून तो तारेने बांधून ठेवा. रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने पिस्टन सावकाश आत दाबा. तो अडकत असेल किंवा त्याचं रबरी बूट फाटलेलं असेल तर तिथेच थांबा, कारण पुढे लाइन उघडावी लागणार. कॅलिपरच्या दोन्ही पिना हाताने सहज सरकल्या पाहिजेत. अडकलेली पिन हे एकच पॅड लवकर झिजण्याचं नेहमीचं कारण आहे. पिनांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगच्या साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदला. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियरने मोजून त्याखाली गेली असेल, तर डिस्क बदलावीच लागेल. काही जुन्या गाड्यांत त्यासाठी हब उतरवून बेअरिंग काढावं लागतं, तेव्हा ते काम फिटरकडे द्या. चाक बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारा. हे विसरलं तर पहिला ब्रेक लागतच नाही.

मागचे ड्रम: खोलून बघा, मग ठरवा

हँडब्रेक सोडा. ड्रम अडकला असेल तर कडेवर हातोडा मारू नका, ड्रमचं बीड (ओतीव लोखंड) फुटतं. बऱ्याच ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी सारखे आवळत गेलं की ड्रम आपोआप सुटतो. आतल्या कडेला शू (लायनर बसवलेल्या लोखंडी कमानी) अटकत असतील, तर मागच्या प्लेटच्या खाचेतून ॲडजस्टर (शू ड्रमच्या जवळ-लांब करणारा स्क्रू) सैल करा. काही पिकअपना एक्सल शाफ्ट ओढल्याशिवाय ड्रम निघत नाही. तशी गाडी असेल तर घरी हात घालू नका.

आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. पाण्याने भिजवून पुसा.

आत नुसती कोरडी धूळ असेल तर काम घरचं. ओल दिसली, तर ती कशाची आहे ते ओळखा: एक थेंब वाटीभर पाण्यात टाका. विरघळला तर ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर (शू ड्रमवर दाबणारा छोटा सिलिंडर) गळतो आहे. तवंग आला आणि गंधकासारखा वास आला तर ते गिअर ऑइल, म्हणजे एक्सलचं ऑइल सील गेलं आहे. सील बदलण्याआधी डिफरन्शियलचा (मागच्या एक्सलमधली गिअरपेटी) ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर जायची वाट, बघून घ्या. शेतातल्या चिखलाने तो बुजला की गरम झालेल्या हवेला वाट राहत नाही, ती ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते, आणि नवं सीलही तसंच जातं. दोन्ही दुरुस्त्या फिटरच्या. ऑइल पिलेला लायनर पेट्रोलने धुऊन वापरता येत नाही. तापला की आतलं ऑइल पुन्हा वर येतं. दोन्ही बाजूंचे लायनर बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

शू बदलताना एका वेळी एकच बाजू खोला आणि स्प्रिंगांचा फोटो काढा. दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते. डाव्या-उजव्या ॲडजस्टरचे आटे उलटे असतात, त्यांची अदलाबदल झाली तर तो आवळण्याऐवजी सैल होत जातो. ड्रम निघालेला असताना पेडलला पाय लावू नका, व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडतील. प्लेटवर शू जिथे घासतो त्या उंचवट्यांना ग्रीसचं नुसतं बोट लावा, लायनरला त्याचा डाग लागू देऊ नका. आधी शू ॲडजस्ट करा, हँडब्रेकची केबल त्यानंतर.

नवे शू की जुन्या शूला लायनर मारून घेणं

मराठवाड्यात अजूनही लायनर रिव्हेट करून देणारी दुकानं आहेत, आणि काम नीट झालं तर तो पर्याय वाईट नाही. राणे, सुंदरम यांसारख्या नावाजलेल्या कंपनीचाच लायनर मागा. रिव्हेट मधून कडांकडे मारत गेलेले हवेत. उलट मारले तर लायनर मध्ये फुगतो. लायनर आणि शू यांच्यात कागद सरकला, तर ते काम परत करा. जुन्या शूचा लोखंडी भाग वाकलेला किंवा टोकं झिजलेली असतील तर त्याला लायनर मारण्यात अर्थ नाही, नवे शू घ्या.

बसवण्याआधी ड्रमच्या आत खडू घासा आणि शू हाताने टेकवून सरकवा. खडू लायनरच्या मध्यभागी लागला तर बरं, वापरात टोकंही बसतील. फक्त दोन टोकांना लागला, तर ब्रेक झटका देईल आणि किंचाळेल. तो लायनर लेथवर घासून घ्यावा लागतो. रिव्हेटचा लायनर रिव्हेटच्या डोक्यापासून 1 मिमी उरला की बदलायचा. वाट बघितली तर रिव्हेट ड्रमला चरे पाडतात.

ड्रम: लेथ की नवा

ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. नखाला लागणारे चरे असतील आणि लेथ मारूनही व्यास त्या आकड्याच्या आत राहणार असेल, तर लेथ मारा. दोन्ही ड्रम सारख्याच मापाचे करा. आकडा ओलांडणार असेल तर लेथवाला हो म्हणाला तरी ऐकू नका. पातळ ड्रम लवकर तापतो, आणि मांजरसुंबा किंवा कन्नडचा घाट भरल्या गाडीने उतरताना नेमका तेव्हाच ब्रेक लागेनासा होतो. निळसर डाग किंवा बारीक तडे दिसले तर सरळ नवा घ्या.

लाइन उघडलीच तर

गळणाऱ्या व्हील सिलिंडरला रबर किट टाकायचं की तो अख्खा बदलायचा? आतला बोअर आरशासारखा असेल तर किट चालतं. गंजाचे खड्डे असतील तर नवं रबर थोड्याच दिवसांत कापलं जातं. दहा-बारा वर्षांच्या गाडीत आम्ही अख्खा सिलिंडरच सुचवू.

हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्याकडे मास्टर उजवीकडे असल्याने आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. इंटरनेटवर दिसणारा उलटा क्रम डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांचा असतो. मागच्या एक्सलजवळ लोडप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल, तर घोड्या चॅसीखाली नको, एक्सलखालीच हव्यात. एक्सल लोंबकळला की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा दाब कमी करतो. हा व्हॉल्व्ह बिघडला किंवा त्याची सेटिंग हलली असेल, तर ते शोरूमचं काम. अँटी-लॉक ब्रेक असलेल्या गाडीची हवा काढणंही बऱ्याचदा तिथेच, कारण स्कॅनर लागतो.

ऑइल डब्याच्या झाकणावर लिहिलंय तेच घाला. डॉट 3 (डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा) नवं असताना 205 अंशांना उकळतं, ओलावा पिऊन जुनं झालं की 140 ला. डॉट 4 चे हेच आकडे 230 आणि 155. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला आणि गेल्या पावसाळ्यात फोडलेली बाटली वापरू नका. इंजिन किंवा स्टिअरिंगचं ऑइल चुकून पडलं, तर लाइनमधलं प्रत्येक रबर फुगतं.

खर्चाचा हिशेब

पार्टला लागणारे पैसे घरी आणि फिटरकडे जवळपास तेच असतात, वाचते ती मजुरी. घोड्या, गोटी पाना, सी-क्लॅम्प आणि व्हर्नियर नव्याने घ्यायचे असतील, तर पहिल्या वेळी फारसं काही वाचत नाही. दुसऱ्या वेळेपासून वाचतं. उलट, हंगामात गाडी दोन दिवस अंगणात अडकली तर बुडालेलं भाडं मजुरीपेक्षा जास्त होतं, म्हणून घरचं काम मोंढा थंड असताना काढा. मालवाहू गाडी आठ वर्षांवर गेली की फिटनेस (आरटीओची गाडी-तपासणी) दरवर्षी असते. ब्रेक त्याच्या महिनाभर आधी उघडले, तर लायनर बसायला वेळ मिळतो.

काम कुणीही केलेलं असो, मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 वरून 10 पर्यंत दहा वेळा, मध्ये अर्धा मिनिट थांबून, हळू ब्रेक मारा. नवे पॅड आणि लायनर तेव्हाच बसतात. वीसेक किलोमीटर चालवून उतरा आणि चारही चाकांजवळ हात न लावता धग बघा. एकच चाक जास्त तापलं असेल, तर ते ब्रेक धरून ठेवतं आहे. मागचं असेल तर त्याचा ॲडजस्टर दोन दात मागे घ्या आणि पुन्हा चालवून बघा. शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट तिरप्या क्रमाने परत आवळा.