टेस्ला की बीवायडी? भाच्याच्या पन्नास हजारांचा प्रश्न

भाच्याला टेस्ला घ्यायची होती. गाडी नव्हे, शेअर. जुलै 2025मध्ये मुंबईच्या बीकेसीत टेस्लाची देशातली पहिली शोरूम उघडली, तेव्हा तिथल्या मॉडेल वायशेजारी उभा राहून त्याने फोटो काढून घेतला होता. आयात शुल्कामुळे गाडीची किंमत तेव्हा साठ लाखांच्या घरात होती. "मामा, गाडी नाही तर नाही, बोनसच्या पन्नास हजारांचे शेअर तरी घेतो." म्हटलं, घे, पण आधी बीवायडी या चिनी विद्युत-गाड्यांच्या कंपनीचे आकडे शेजारी मांड.

2024मध्ये टेस्लाने सुमारे 17.9 लाख गाड्या दिल्या, आदल्या वर्षापेक्षा थोड्या कमीच. बीवायडीने 42 लाखांवर विकल्या. पण इथे एक मेख आहे: त्यातल्या निव्वळ बॅटरीवरच्या 17.6 लाख, बाकी बहुतेक प्लग-इन हायब्रिड, म्हणजे चार्ज होणारी बॅटरी आणि इंजिन दोन्ही असलेल्या. म्हणजे त्या वर्षी बरोबरीच म्हणायची. 2025मध्ये मात्र फक्त बॅटरीच्या गाड्या मोजल्या तरी बीवायडी बरीच पुढे गेली.

नफ्यातही फार अंतर नाही. 2024चा टेस्लाचा नफा 7.1 अब्ज डॉलर, बीवायडीचा 40 अब्ज युआन, म्हणजे साधारण साडेपाच अब्ज डॉलर. खरी तफावत भावात. डिसेंबर 2024च्या उच्चांकाला बाजाराने टेस्लाची किंमत दीड लाख कोटी डॉलर लावली, वर्षाच्या नफ्याच्या दोनशेपटीहून जास्त. बीवायडीला तेव्हा मिळत होते विसेक पट. गाड्या बनवण्याच्या धंद्याला दोनशेपट कुणी देत नाही. ते पैसे आहेत विनाचालक टॅक्सीचे (जून 2025मध्ये ऑस्टिनला ती सुरू झाली, तीही शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवून) आणि ऑप्टिमस नावाच्या यंत्रमानवाचे. शिवाय 2024मध्ये 2.76 अब्ज डॉलर आले ते इतर कंपन्यांना प्रदूषण क्रेडिट विकून; प्रदूषणाचे नियम न पाळू शकणाऱ्या कंपन्या दंड टाळायला ती घेतात. अमेरिकेने 2025मध्ये इंधन-मानकांचा दंडच शून्यावर आणला, त्यामुळे तिथली ही आयती कमाई आटणार.

बीवायडीचं बळ वेगळं. 1995मध्ये वांग चुआनफू यांनी शेन्झेनमध्ये बॅटरी कंपनी म्हणून ती सुरू केली. गाड्या नंतर आल्या. बॅटरी घरचीच, त्यामुळे खर्चावर पकड. पण म्हणून तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. चीनमधल्या किंमतयुद्धात 2025च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीचा नफा तीस टक्क्यांच्या आसपास घसरला, आणि अमेरिकेने चिनी विद्युत गाड्यांवर 100 टक्के शुल्क लावून ते दार बंदच केलंय. 2008पासूनचे भागधारक, वॉरन बफे यांची गुंतवणूक कंपनी बर्कशायर, 2022पासून विकत विकत 2025पर्यंत पूर्ण बाहेर पडले. दणदणीत नफा घेऊन, हेही खरं.

घ्यायला टेस्ला सोपी. ॲपवर खातं काढा, एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेतून डॉलर पाठवा, शेअरचा तुकडाही मिळतो. बीवायडीची मुख्य नोंदणी हाँगकाँग आणि शेन्झेनला. आपल्याकडच्या बऱ्याच ॲपवर ती दिसतच नाही. रक्कम लहान असेल तर बँकेचा पैसे पाठवण्याचा खर्च टोचतो, तो आधी विचारा. आणि एकच शेअर घेतला तरी आयकर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावा लागतो, हे भाच्याला माझ्याकडूनच कळलं.

माझं मत: गाड्यांच्या धंद्यात पैसे घालायचे तर आजच्या भावात बीवायडी. टेस्ला घ्यायची ती विनाचालक गाडीवर मनापासून विश्वास असेल तरच, आणि पडझड सोसायची तयारी ठेवून. नोव्हेंबर 2021 ते जानेवारी 2023 या काळात हा शेअर सत्तर टक्क्यांहून जास्त पडला होता. पन्नास हजारांचे पंधरासुद्धा उरले नसते. पुढे तो वर आला, पण मधली तीन वर्षं काढायची कुणी?

भाच्याने पंधरा हजारांची टेस्ला घेतली. उरलेले पस्तीस बचत खात्यात पडून आहेत; हाँगकाँगचे शेअर देणारा ब्रोकर तो अजून शोधतोय.