जुन्या जीपसाठी 4.88 चा क्राऊन-पिनियन: घ्यावा का?

महिंद्राच्या जुन्या पेट्रोल सीजे-3बी जीपला मूळ क्राऊन-पिनियन (अ‍ॅक्सलमधली, चाकं फिरवणारी गिअरची जोडी) 43/8 दातांचा, म्हणजे 5.38: पिनियन तेवढ्या वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. चिखलात, चढावर त्याला तोड नाही. पण 6.00-16 टायरवर ताशी 80 चा वेग धरला की इंजिन मिनिटाला साधारण 3,250 फेऱ्यांवर ओरडत राहतं. 39/8 चा, म्हणजे 4.88 चा सेट टाकला की त्याच वेगाला 2,950. आकडा फार मोठा नाही, पण लांबच्या प्रवासात कानाला लगेच कळतो.

4.27 (47/11) मोहात पाडतो, कारण फेऱ्या 2,600 च्या आत येतात. मूळ हरिकेन इंजिन असेल तर त्या वाटेला जाऊ नये. कसारा घाटात तिसरा गिअर सारखा सोडावा लागेल, आणि पहिला गिअर व ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) लो गिअर मिळून 5.38 वर जी एकूण 37 पट ओढ मिळते ती 29 वर येते. 4.88 मध्ये ती 33.6 राहते, तेवढ्यावर भागतं. खर्च टाळायचा असेल तर आधी 7.00-16 टायर लावून बघा, 5.38 चा हिशेब तेवढ्यानेच 5.05 च्या आसपास येतो.

खरी अडचण पुढच्या अ‍ॅक्सलची. मागे स्पायसर 44 मॉडेलचा अ‍ॅक्सल, पुढे स्पायसर 25. दोन्हींचे सेट वेगळे, आणि बदलायचे तर दोन्ही. नुसता मागचा बदलून फोर-व्हील टाकलं तर कोरड्या रस्त्यावर गाडी स्वतःशीच भांडते आणि ट्रान्स्फर केस मार खातो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपचा पुढचा 4.88 तुमच्या पुढच्या हौसिंगला (अ‍ॅक्सलच्या कवचाला) चालतो, पण तिच्या मागचा 44 मध्ये बसत नाही. कुर्ल्याच्या भंगारात तो ‘जीपचाच आहे’ म्हणून गळ्यात मारला जाऊ शकतो.

जुना सेट घेताना दात मोजा. क्राऊन आणि पिनियनवर कोरलेला जोडीचा नंबर एकच हवा. नंबर जुळत नसेल तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. वेगवेगळ्या जोडीतले दात एकमेकांवर घासून बसलेले नसतात, ते गुणगुणणारच.

बसवणीत पैसे वाचवू नयेत. पिनियनच्या तोंडावर +2, -1 असा थाउमधला (इंचाचा हजारावा भाग) आकडा असतो. जुन्यावर -1 आणि नव्यावर +2 असेल तर आतल्या बेअरिंगच्या कपामागचे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) 3 थाउने कमी करायचे. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, 5 ते 7 थाउ हवी; ती डायल गेज लावून क्राऊनवर तीन-चार ठिकाणी मोजायची. मग दातांना रंग लावून ठसा बघायचा. तो दाताच्या मधोमध हवा. पिनियनची खोली चुकली तर गाडी ठरावीक वेगाला रडते, बॅकलॅश जास्त राहिला तर अ‍ॅक्सिलरेटर सोडता-दाबताना ठोका येतो. तेल बदलून यातलं काहीच जात नाही.

स्पीडोमीटरची तार ट्रान्स्फर केसमधून निघते, त्यामुळे 4.88 नंतर काटा कमी दाखवतो: 60 दिसले की गाडी 66 ने चाललेली असते. तारेच्या टोकाचा छोटा ड्रिव्हन गिअर बदलून घ्या, नाहीतर स्पीडोमीटरच्या काचेवर खूण करा.