पावतीवर फक्त ‘४ नग’ होतं

पावतीवर एवढंच लिहिलं होतं: ‘जुनी मनगटी घड्याळं, ४ नग, चालू स्थितीत.’ खाली सही, शिक्का, तारीख. तीन वर्षांनी ती घड्याळं माझ्या हातात परत आली तेव्हा नग चारच होते. पण बाबांच्या घड्याळात बाबांचं मशीन, म्हणजे घड्याळ चालवणारी आतली यंत्रणा, नव्हतं.

कपाटात वडिलांचं, आजोबांचं, एखाद्या मावशीचं जुनं घड्याळ जपून ठेवलेल्यांसाठी हे लिहिते आहे. माझं जे गेलं ते परत येईल की नाही, माहीत नाही. तुमचं जाऊ नये.

कामासाठी मला तीन वर्षं घरापासून लांब राहायचं होतं. बंद, दमट घरात घड्याळं ठेवायला मन धजत नव्हतं. ओळखीतून एका गृहस्थांचं नाव कळलं. जुनी घड्याळं वर्षानुवर्षं नीट सांभाळून ठेवणं हाच आपला व्यवसाय, असं ते सांगत. पहिल्याच भेटीत त्यांनी बाबांचं घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाले, “ताई, हे पुढे धावतंय ना?” खरंच धावत होतं. त्यांनी एक छोटं होकायंत्र घड्याळाशेजारी ठेवलं. टिकटिकीबरोबर त्याची सुई थरथरायला लागली. “स्पीकरजवळ ठेवत असाल. हेअरस्प्रिंगला, आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबक लागलंय, वेटोळी एकमेकांना चिकटताहेत.” मग एका यंत्राचं बटण दाबून त्यांनी घड्याळ त्यावरून हळूच उचललं. सुई शांत झाली. माझं घड्याळ खरोखर स्पीकरजवळच असायचं. त्यांनी सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि त्याच क्षणी मी पुढचं काही तपासायचं सोडून दिलं.

ठरलं ते असं: पट्टे काढून ठेवायचे, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राखायची, सिलिका जेल वेळच्या वेळी बदलायचं, चावीची घड्याळं दर सहा महिन्यांनी चावी देऊन एक दिवस चालवायची आणि प्रत्येक वेळी मला फोटो पाठवायचा. वर्षाचे पैसे आगाऊ.

फोटो आले. सहा वेळा, अगदी वेळेवर. बाबांचं घड्याळ मखमलीवर ठेवलेलं, शेजारी निळ्या दाण्यांची पुडी. दर वेळी मला बरं वाटायचं.

परत आल्यावर मी सकाळी चावी दिली आणि संध्याकाळपर्यंत घड्याळ दोन मिनिटं पुढे गेलं. बाबा असताना दिवसाला चार-पाच सेकंदांच्या वर फरक पडत नसे. पुन्हा चुंबक लागलं असेल असं वाटून मी ते बाबांच्या जुन्या कारागिराकडे नेलं. त्यांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग झाकणाची आतली बाजू माझ्यापुढे धरली. कोपऱ्यात सुईने कोरलेली बारीक अक्षरं होती, एकाखाली एक तीन तारखा. दर वेळी घड्याळ खोलून साफ केलं की कारागीर अशी खूण करतात. “या तीन खुणा माझ्या आहेत. झाकण तेच आहे. पण हे मशीन मी कधी हातात धरलेलं नाही.”

त्यांनी जुनी वही काढली. बाबांच्या नावापुढे मशीनचा नंबर होता.

ही फसवणूक इतकी सफाईने का जमली, हे कळायला थोडं मशीनबद्दल सांगायला हवं. घड्याळ ओमेगाचं, तबकडीवर ‘क्रोनोमीटर’ (अतिशय अचूक घड्याळ) असा शब्द. आत ३० टी २ जातीचं मशीन, ३० मिलिमीटर व्यासाचं, तांबूस गुलाबी झळाळीचं. ही जात १९३९ पासूनची. तिच्यातलं खास क्रोनोमीटरसाठी घडवलेलं रूप म्हणजे ३० टी २ आरजी. वेळ अगदी सूक्ष्म जुळवता यावी म्हणून त्याचा रेग्युलेटर वेगळा असतो, आणि संग्राहक शोधतात ते हेच. वहीतला नंबर १० ने सुरू होणारा, आठ आकडी, म्हणजे साधारण १९४४ चा. आत निघालेला १३ ने सुरू होणारा, म्हणजे साधारण १९५२ च्या आसपासचा, आणि त्यावर कोरलेलं होतं २६५. पुढे कारखान्याने नावं बदलली तेव्हा ३० टी २ च्याच एका साध्या रूपाला २६५ म्हणू लागले. एकाच घराण्यातली मशीनं ती. म्हणून ते बाबांच्या घड्याळाच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, चपखल बसलं, तबकडी बसली, काटेही बसले. बाहेरून पाहणाऱ्याला काही म्हणजे काही कळलं नसतं. आपण घड्याळ ओळखतो ते चेहऱ्यावरून, आणि चेहरा त्यांनी तसाच ठेवला होता.

त्या रात्री मी सहाही फोटो शेजारी शेजारी लावले. कुठे उजेड कमी-जास्त केलेला, कुठे कडा कापलेल्या. पण सहाही फोटोंत चार वाजून सतरा मिनिटं झाली होती. खालच्या छोट्या तबकडीतला सेकंदकाटा सहाही वेळा पन्नासच्या किंचित पुढे. घड्याळ बंद ठेवलेलं असतं तर ठीक होतं, पण दर सहा महिन्यांनी ते दिवसभर चालवल्याचे पैसे मी देत होते. चाललेलं घड्याळ सहा वेळा त्याच सेकंदावर कसं थांबेल? दाणेही सहाही वेळा तसेच गर्द निळे. त्या जातीचं सिलिका जेल ओल शोषली की गुलाबी होतं. तीन वर्षांत ते एकदाही जराही फिकट दिसू नये? फोटो एकच होता. तीन वर्षं मी त्याकडे पाहत होते आणि प्रत्येक वेळी फक्त घड्याळ आहे ना, एवढंच बघत होते.

बाकीच्या तीन घड्याळांची चोरी झाली नाही, आबाळ झाली. आईच्या छोट्या घड्याळाचा चामड्याचा पट्टा काढलाच नव्हता. ओल धरलेलं चामडं केसला चिकटून राहिलं, सोन्याचा मुलामा उडाला आणि खालच्या पितळेवर हिरवा थर आला. तिसरं घड्याळ ॲक्युट्रॉन, सेलवर चालणारं; त्यात सेल तसाच होता. १९६० साली आलेलं हे घड्याळ नेहमीच्या मागेपुढे फिरणाऱ्या बॅलन्सच्या चाकावर चालत नाही, सेकंदाला ३६० वेळा कंप पावणाऱ्या छोट्या नादकाट्यावर (ट्यूनिंग फोर्कवर) चालतं. त्याची गुणगुण मला लहानपणापासून आवडायची. सेल गळला आणि केसाहून बारीक तारेची कॉइल खाऊन गेला. चौथ्याच्या आकड्यांवर रेडियमचा रंग आहे. ते हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत, फोममध्ये गुंडाळलेलं मिळालं. फोम विरघळून चिकट झाला होता. रेडियममधून रेडॉन वायू निघतो, आणि त्याची चमक विझली तरी किरणोत्सार विझत नाही. तो निम्मा व्हायला १६०० वर्षं लागतात. असं घड्याळ कोंडून ठेवायचं नसतं आणि घरी स्वतः उघडायचंही नसतं. हे त्या गृहस्थांना ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

मी त्यांना जाऊन विचारलं. आवाज न चढवता ते म्हणाले, “ताई, पावतीत नंबर दाखवा.” मग पावतीवर बोट ठेवून ‘४ नग’ हे शब्द मला वाचून दाखवले. तक्रार दिली आहे. कारागिरांची वही आणि झाकणावरच्या खुणा, एवढाच माझा पुरावा.

म्हणून हात जोडून सांगते: कुणालाही घड्याळ सोपवायच्या आधी, मग ते दुरुस्तीला असो, पॉलिशला असो की सांभाळायला, जाणत्या माणसाकडून मागचं झाकण उघडून घ्या आणि मशीनचा स्वच्छ फोटो काढा. नंबर, मशीनची जात, तबकडीवरचे डाग, काट्यांचा आकार हे सगळं पावतीत लिहून घ्या आणि समोरच्याची सही त्याखाली घ्या. तबकडीवरचा डाग लाजेचा नाही, तीच ओळख आहे. लिहून द्यायला कुणी कां-कूं करू लागलं तर घड्याळ उचला आणि घरी या. सांभाळायला दिलेल्या घड्याळाचे फोटो मागणार असाल तर त्या दिवशी तुम्ही सांगाल ती वेळ काट्यांवर लावून फोटो मागा.

आणि खरं तर बाहेर ठेवायची गरज किती असते? त्याच कारागिरांनी सांगितलं की चावीचं घड्याळ दर सहा महिन्यांनी चालवण्याचीही सक्ती नसते. आतलं तेल वर्षानुवर्षांनी सुकतं, आणि सुकलेल्या तेलावर चालवलं तर उलट पिव्होट, म्हणजे चाकांच्या आसांची बारीक टोकं, झिजतात. स्वच्छ पुसून, पट्टा वेगळा करून, सेल काढून, कोरड्या जागी आणि स्पीकर-मोबाइलपासून लांब विसावू द्यायचं. पुन्हा रोज वापरायच्या आधी साफ करून तेल घालून घ्यायचं. यातलं काहीच मला घरी अशक्य नव्हतं.

बाबांचं घड्याळ मी आता बंदच ठेवलं आहे. ते दुसरं मशीन आत आहे, कारण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत त्याला हात लावायचा नाही असं ठरवलंय. तुमच्यापैकी कुणाला सुटं ३० टी २ आरजी विकायला आलं, नंबर १० ने सुरू होत असेल आणि विकणारा ते कुठल्या घड्याळातून निघालं हे सांगत नसेल, तर घेण्याआधी त्याच्या नंबराचा फोटो काढून ठेवा.