भाषांतराचं ॲप, हाताने लिहिलेलं कार्ड आणि सांतियागोची सायकलवारी

गेल्या दिवाळीपासून फोनमध्ये भाषांतराचं ॲप वापरते आहे. त्याची खरी परीक्षा मे महिन्यात स्पेनमध्ये झाली. मी आणि माझी नणंद फ्रान्समधल्या, स्पेनच्या सीमेलगतच्या सां-जाँ-पिए-द-पोर गावाहून स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलापर्यंत, साधारण ७८० किलोमीटर, ख्रिस्ती यात्रेकरूंच्या जुन्या वाटेने सायकलने गेलो. इंदूरमधल्या थॅलेसेमियाच्या मुलांच्या औषधांसाठी निधी जमवायचा होता. या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि त्या रक्तामुळे शरीरात साठणारं लोह काढायला वर्षानुवर्षं औषधं घ्यावी लागतात. लोकांनी किलोमीटरमागे रक्कम कबूल केली होती. तिकीट, राहणं, सायकलींचं भाडं मात्र आमच्या खिशातून. देणगीतला एक रुपयाही प्रवासात जाता कामा नये, याबाबत मी फार आग्रही आहे.

ॲपचं नाव देत नाही, कारण पुढचं बरंचसं अशा कुठल्याही ॲपला लागू पडेल. कॅमेऱ्याने पाटी किंवा मेनू वाचणं उत्तम. स्पॅनिशचं पॅक घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवलं होतं, त्यामुळे नेट नसलं तरी कॅमेरा चालायचा. बोलून भाषांतर करणं मात्र रस्त्यावर जवळजवळ निरुपयोगी. बुर्गोस आणि लेओन यांच्यामध्ये मेसेताचं मोकळं पठार आहे, तिथला वारा माइकमध्ये शिरला की एक शब्द धड उमटत नाही. नेट गेलं की ती सोय बंदच. वर आपण मराठीत बोलतो तसं लांबलचक, 'म्हणजे कसं की' करत बोललो, की पलीकडे काय निघेल याचा भरवसा नाही. टाइप करायचं, छोटं वाक्य करायचं, कर्ता-क्रियापद स्पष्ट ठेवायचं. एवढं पाळलं की दहातली आठ कामं होतात. सायकलच्या दुकानात तर फोन काढावाच लागला नाही. चाक उचलून फिरवून दाखवलं, दुकानदाराने मान हलवली आणि तुटलेली तार बदलून दिली.

ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडलं ते कार्ड. इंदूरमध्ये स्पॅनिश शिकवणाऱ्या एका बाईंकडून निघण्यापूर्वीच दोन मजकूर लिहून घेतले आणि लॅमिनेट केले. एका बाजूला आमचं खाणं: मांस नाही, मासे नाहीत, हॅम नाही, ट्यूना नाही. हे असं एकेक नाव घेऊन सांगावं लागतं. नुसतं शाकाहारी म्हटलं, की सॅलडवर ट्यूना घालून आणतात, आणि त्यात त्यांची काही लबाडी नसते. कार्ड दाखवल्यावर बटाट्याचं जाड ऑम्लेट मिळायचं. नणंद अंडं खात नाही, तिने मात्र पाव, चीज, टोमॅटो आणि घरून नेलेली शेव यांवर दिवस काढले. दुसऱ्या बाजूला मुलांविषयी चार ओळी होत्या. त्या वाचून लोक थांबायचे, प्रश्न विचारायचे, आणि मग ॲप बाहेर निघायचं. ओळख कार्डाने आणि पुढचं बोलणं ॲपने, ही विभागणी आम्हाला फार चांगली जमली.

मुक्काम आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत. काही ठिकाणी दर नाही, पेटीत जमेल ते टाकायचं. अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांच्या गावच्या आम्ही. ती पेटी पाहून परकं वाटलंच नाही. सायकलवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: बऱ्याच सरकारी आल्बेर्गेत पायी येणाऱ्यांना आधी जागा देतात, सायकलवाले संध्याकाळपर्यंत थांबतात. मला हे अगदी रास्त वाटतं.

आता श्रद्धेचं. या वाटेवर सुमारे १५०० मीटर उंचीवर क्रूस दे फेर्रो आहे, उंच खांबावर लोखंडी क्रूस. घरून आणलेला दगड त्याच्या पायथ्याशी ठेवायची रीत आहे. मी ओंकारेश्वरचा गोटा न्यायचं म्हणत होते. सासूबाई ऐकेनात. "अगं, नर्मदेतला प्रत्येक गोटा शंकर आहे. त्याला तिथे उघड्यावर टाकून कशी येशील?" त्यांचं म्हणणं मला पटलं. मग खंडवा रोडवरच्या भेरूघाटातला, जिथे आम्ही चढाचा सराव करायचो, तिथला काळा दगड घेतला. तो ठेवताना शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्क स्पॅनिश बाईंनी खुणेनेच विचारलं. मी टाइप केलं: "हा आमच्या गावाजवळचा दगड आहे. आम्ही हिंदू आहोत. आजारी मुलांसाठी प्रार्थना करतो." त्यांनी वाचलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि आमच्या दगडाला हात लावला. नणंदेने मनातल्या मनात रामरक्षा म्हटली. तिथे ॲपने चोख काम केलं. वाक्यं छोटी होती, आणि मनात काही लपवायचं नव्हतं.

शेवटी सांतियागोच्या कचेरीत यात्रेचं प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी पायी किमान १०० आणि सायकलने २०० किलोमीटर लागतात, वाटेतले शिक्के दाखवावे लागतात, आणि हेतू धार्मिक किंवा आध्यात्मिक असावा लागतो. फॉर्मवर हेतू विचारला तेव्हा आम्ही दोघींनी जराही न अडखळता खूण केली. आम्ही आषाढीला इंदूरच्या पंढरीनाथाला जातो, ती यात्रा आणि ही यात्रा आमच्या मनात भांडत नाहीत.

परत आल्यावरही ॲप चालू आहे. क्रूसापाशी भेटलेल्या त्या स्पॅनिश बाई मेसेज करतात, मुलांना औषधं वेळेवर मिळताहेत का ते विचारतात. इथे घाई नसते. म्हणून मी लिहिलेलं स्पॅनिश पुन्हा मराठीत उलटं करून बघते आणि अर्थ जुळला तरच पाठवते. बऱ्याचदा एखादं वाक्य बदलावं लागतं, पण तेवढी मिनिटं मी आनंदाने देते. मोफत आवृत्तीवर हे सगळं होतं, पैसे भरून वरची घ्यायची गरज अजून पडलेली नाही.