मुंबईतली घरपोच रक्ततपासणी: साखरेला झकास, गोठण्याच्या चाचण्यांना जपून

ॲपवर वेळ टाकली की सकाळी सातला माणूस दारात. साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉलसाठी या सेवेला नावं ठेवायला जागा नाही. रक्त गोठण्याच्या चाचण्यांचं तसं नाही. नमुना कसा घेतला आणि किती वेळात पोचला, यावर तिथे आकडाच बदलतो.

आधी नळी बघा. फिकट निळ्या टोपणाच्या नळीत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रावण, असतं; ०.३ मिली सायट्रेटला २.७ मिली रक्त, म्हणजे १ ला ९. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होतं, लॅबने चाचणीत घातलेलं कॅल्शियम ते अडवून धरतं आणि धडधाकट माणसाचं रक्तही उशिरा गोठतंय असं दिसतं. बटरफ्लाय सुई वापरली तर तिच्या बारीक नळीतली हवा आधी आत जाते, म्हणून एक जादा नळी भरून टाकून द्यायची असते. सीबीसीची जांभळी नळी निळीच्या नंतरच. निळी नळी भरल्यावर ३-४ वेळा अलगद उलटीसुलटी करायची. खळखळवली तर रक्तपेशी फुटतात, न हलवता ठेवली तर आत गुठळी होते. दोन्ही नमुने बाद.

बर्फाच्या पिशवीतला डबा दिसायला मोठा काळजीचा वाटतो, पण इथे घात तोच करतो. प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) वेगळा न केलेलं रक्त थंड ठेवलं की व्हॉन विलेब्रांड घटक आणि फॅक्टर ८ ही रक्त गोठायला लागणारी प्रथिनं कमी भरतात, आणि नसलेला आजार कागदावर उमटतो. ही नळी साध्या तापमानालाच न्यायची.

मग वेळ. पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या दोन चाचण्या; पीटीचा निकाल आयएनआर या आकड्यात देतात. पीटी-आयएनआरला २४ तास चालतात. एपीटीटीला ४ तासच, आणि हेपरिन हे रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू असेल तर तासाभरात प्लाझ्मा वेगळा व्हायला हवा. विरारला सातला घेतलेलं रक्त आणखी आठ घरं करून, मग केंद्रावरून मुख्य लॅबला जाणार असेल तर हिशेब तुम्हीच करा.

म्हणून आमचे गुण असे. ॲसिट्रोम किंवा वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असलेल्यांच्या आयएनआरला ५ पैकी ४. एपीटीटीला २. फॅक्टरची पातळी, व्हॉन विलेब्रांड आणि प्लेटलेटचं काम तपासायला शून्य. त्यासाठी लॅबमध्येच जा. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था, म्हणजे एनआयआयएच, आहे; ती याच विषयातली.

कोणती चाचणी मागवायची हे लक्षणांवरून ठरतं, पॅकेजवरून नाही. वारंवार घोळणा फुटणं, हिरड्यांतून रक्त, पाळीत अंगावरून फार जाणं ही बहुधा प्लेटलेट किंवा व्हॉन विलेब्रांडची तक्रार. त्यात पीटी आणि एपीटीटी दोन्ही नॉर्मल येऊ शकतात, आणि ‘सगळं ठीक’ असा रिपोर्ट फसवतो. मुलाचा गुडघा किंवा घोटा विशेष मार न लागता सुजला तर हिमोफिलियाचा (रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजाराचा) विचार होतो: पीटी नॉर्मल, एपीटीटी लांबलेला. नवजात बाळाच्या नाळेच्या जागेतून रक्त थांबत नसेल तर फॅक्टर १३ ची वेगळी चाचणी लागते, कारण ही कमतरता दोन्ही नेहमीच्या चाचण्यांतून निसटते.

एकच पोटरी सुजून दुखत असेल तर घरी रक्त देत बसू नका. पायाच्या शिरेतली गुठळी डॉप्लर सोनोग्राफीत दिसते. त्यासोबत धाप लागली, किंवा ॲसिट्रोमवर असताना काळी शौच अथवा अचानक जोराची डोकेदुखी झाली, तर ॲप बाजूला ठेवून थेट इस्पितळ गाठा.

रिपोर्ट आला की आकड्याआधी वेळेच्या दोन नोंदी वाचा: नमुना घेतल्याची आणि लॅबला पोचल्याची. एपीटीटीत या दोन्हींत चार तासांहून जास्त अंतर असेल तर चाचणी पुन्हा करून मागा.