समावेशक संगीत कार्यशाळा: पावसाळ्यापासून शिमग्यापर्यंतचा अनुभव

माझा धाकटा भाऊ स्वमग्न आहे. वय चोवीस, बोलणे मोजक्या शब्दांचे, आणि आवाज वाढला की तो दोन्ही कान झाकून घेतो. मालवण तालुक्यातील एका लहान स्वयंसेवी गटाने बौद्धिक व विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या प्रौढांसाठी चालवलेल्या संगीत कार्यशाळेला तो गेल्या पावसाळ्यापासून दर शनिवारी जातो. आपल्या घरातील मुलाला किंवा भावंडाला अशा ठिकाणी पाठवावे का, या विचारात असलेल्या कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

पहिल्याच भेटीत संचालकांनी स्पष्ट सांगितले की ही उपचारपद्धती नाही, आणि तेथेच मला त्यांच्याविषयी विश्वास वाटला. संगीताने स्वमग्नता ‘कमी होते’ असे सांगणाऱ्या जाहिराती आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. प्रत्यक्षात 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, नऊ देशांतील 364 लहान मुलांवर केलेल्या अभ्यासात उत्स्फूर्त संगीतोपचारामुळे स्वमग्नतेच्या लक्षणांच्या तीव्रतेत, नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत, लक्षणीय फरक आढळला नव्हता. यावरून संगीत निरुपयोगी ठरत नाही. मात्र भावाला ‘सुधारण्यासाठी’ तेथे पाठवणाऱ्याची निराशा होण्याचा संभव आहे. आमच्याकडे वाडीवाडीत भजनी मंडळ असते, आणि गावातील इतर तरुण जसे तेथे हौसेने जातात तसेच त्यानेही जावे, एवढीच माझी अपेक्षा होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये संस्कृती आणि मनोरंजन यांसाठी स्वतंत्र कलम आहे, हे मला कार्यशाळेतील एका पालकांकडून समजले; तोवर आम्ही कुटुंबीय प्रमाणपत्र, पेन्शन आणि सवलतीचा पास यांपलीकडे फारसे गेलोच नव्हतो.

आता प्रत्यक्ष शिकवण्याविषयी, कारण या कार्यशाळेचे खरे बळ तेथे आहे. पेटी वाजवायला बसलेल्या नवख्या माणसाला फक्त काळ्या पट्ट्या वापरायला सांगतात. काळी तीन (सप्तकातील तिसरी काळी पट्टी) हा षड्ज, म्हणजे सा, धरला तर पाच काळ्या पट्ट्यांमधून सा, रे, ग, प, ध असे भूप रागाचे स्वर मिळतात. षड्ज काळी एकवर नेला तर त्याच पट्ट्यांमधून सा, रे, म, प, ध असे दुर्गा रागाचे स्वर मिळतात. त्यामुळे बोट कोणत्याही काळ्या पट्टीवर पडले तरी ते सुरांत बसते, आणि या पट्ट्या उंच असल्याने ज्यांची बोटे नीट वळत नाहीत त्यांनाही त्या स्पर्शाने सापडतात. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या पद्धतीत मुलांच्या वाद्यांवरील नको असलेल्या पट्ट्या काढून ठेवतात. तोच विचार येथे आपल्या पेटीवर, एकही पट्टी न काढता, साधला आहे. मेंदूच्या पक्षाघातामुळे एकच हात चालणाऱ्या एका तरुणीला पेटी वाजवणे आजवर अशक्य ठरवले गेले होते. आता भाता शेजारी बसलेला सहकारी हलवतो आणि स्वर ती निवडते.

तालाचेही असेच. केरव्याच्या आठ मात्रा तोंडपाठ करून घेण्यापूर्वी त्या पावलांनी चालवून घेतल्या जातात. पखवाजाच्या डाव्या पुडीला (कातडी तोंडाला) लावायची कणीक मळण्याचे काम माझ्या भावाकडे आहे, आणि ते त्याने स्वतः मागून घेतले आहे. कणीक पातळ झाली तर टिकत नाही, घट्ट झाली तर खर्ज नीट उमटत नाही. योग्य मऊपणा त्याच्या बोटांना बरोबर कळतो. वाजवून झाल्यावर ती खरवडून पुडी स्वच्छ करणेही तोच करतो, आणि त्यात कोणी हात घातलेला त्याला चालत नाही.

ज्या एका गोष्टीसाठी मी ही कार्यशाळा मनापासून सुचवेन ती अशी की तेथे दर फेरीला बुवा, म्हणजे भजन पुढे नेणारा, बदलतो. जो बुवा असेल त्याने हात वर केला की सुरुवात, तळवा खाली केला की सगळ्यांनी थांबायचे, मग कडवे अर्धे असो वा शेवटच्या टप्प्यात आलेले असो. पखवाज वाजवणारे अनुभवी गृहस्थही त्या हाताला बांधलेले असतात. माझ्या भावाने सुरुवातीच्या काही आठवड्यांत पुनःपुन्हा केवळ थांबवले. संचालकांनी त्याला एकदाही ‘अरे, पुढे चालू दे’ असे म्हटले नाही. आपण थांबवले की इतकी माणसे खरोखर थांबतात याची खात्री पटल्यावरच तो लय वाढवू लागला, आणि कानांवरचे हातही त्यानंतर हळूहळू खाली आले. झांजांचा कर्कश नाद त्याला अजूनही सोसत नाही, म्हणून त्याच्या बाजूच्या झांजांना आतून कापडाची पट्टी चिकटवलेली असते.

याच्या अगदी उलट अनुभव आम्ही पूर्वी दुसऱ्या एका ठिकाणच्या स्नेहसंमेलनात घेतला होता. तेथे ध्वनिमुद्रित गाणे लावून या मुलांना रंगीत कपड्यांत उभे केले जाई, टाळ्या भरपूर पडत, पण वाद्याला कोणाचाही हात लागत नसे. म्हणून कोणत्याही संगीतवर्गाची पारख रंगमंचावरून करू नये, एखाद्या साध्या दिवशी शेवटपर्यंत बसून करावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

गणेश चतुर्थीत या गटाने ओळखीच्या काही घरांत भजन केले. यजमानांनी इतर मंडळींप्रमाणेच उसळ आणि चहा दिला, बसायला चटया घातल्या, आणि शेजारच्या मंडळाच्या बुवांनी कोरसात साथ केली. कौतुकाची भाषणे झाली नाहीत, याचे मला फार समाधान वाटले.

उणिवाही आहेत. दोन तासांचे सत्र बऱ्याच जणांना लांब पडते. मध्ये विश्रांती असली तरी शेवटच्या भागात थकवा स्पष्ट दिसतो, आणि पाऊण तासाची दोन सत्रे अधिक योग्य ठरतील असे मी सुचवले आहे. पावसाळ्यात कातडे ओलावा धरून सैल पडते, स्वर उतरतो, आणि वाद्य लावण्यात बराच वेळ जातो. स्वरांच्या एवढ्याशा फरकाने अस्वस्थ होणाऱ्यांना हा काळ कठीण जातो. वाद्ये कोरड्या कपाटात ठेवण्याची सोय अजून झालेली नाही. दूरच्या वाड्यांतून येणाऱ्यांना परतीची एसटी गाठण्यासाठी लवकर उठावे लागते, त्यामुळे ज्यांची पाळी शेवटी येते त्यांचे बुवापण अनेकदा हुकते. पाळ्यांचा क्रम दर आठवड्याला उलटा करावा, एवढ्याने हा प्रश्न सुटेल, आणि संचालकांनी ते मान्य केले आहे.

नाव नोंदवण्यापूर्वी त्यांच्याकडे एक सत्र विनाशुल्क बसून पाहता येते. जाताना आपल्या माणसाला कोणता आवाज सोसत नाही, तो नकार कसा दर्शवतो आणि त्याला कशाने शांत वाटते, हे एका कागदावर लिहून न्यावे. आमचा तो कागद पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवलेला आहे, आणि नवीन स्वयंसेवक आला की त्याला तो आधी वाचायला देतात.