जादा पाटे उतरवून पिकअप मूळ रूपात: सावदा–फैजपूर रस्त्यावरील एका गॅरेजचा अनुभव

जळगाव जिल्ह्यातील रावेर–यावल पट्ट्यात जुनी पिकअप घ्यायला निघालेल्या माणसाला कंपनीतून निघाली तशी गाडी क्वचितच पाहायला मिळते. कोणी मागे जादा पाटे, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, चढवलेले असतात, कोणी एक्सल (दोन चाकांना जोडणारा आस) आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा बसवून मागची बाजू उचललेली असते, तर कोणी मोठे टायर घातलेले असतात. आम्ही केळीच्या वाहतुकीसाठी घेतलेली बोलेरो पिकअपही आधीच्या मालकाने अशीच मागून उंच करून ठेवली होती. ती मूळ रूपात आणण्याचे काम आम्ही सावदा–फैजपूर रस्त्यावरील पाट्यांच्या एका गॅरेजकडे दिले. काम उत्तम झाले, आणि अशी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने ते करून घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडी उंच करण्याचे समर्थन करताना पावसाळ्यातल्या पाणंद रस्त्याचे कारण नेहमी पुढे केले जाते. काळ्या जमिनीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल जातात, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो, म्हणून गाडी उंच हवी, असा हा युक्तिवाद आहे. परंतु मागचा एक्सल अखंड असलेल्या पिकअपमध्ये त्या उंचवट्यावर सर्वांत आधी टेकतो तो डिफरन्शियलचा गोळा (इंजिनाची ताकद मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरचे, एक्सलच्या मधले फुगीर कवच), आणि त्याची जमिनीपासूनची उंची टायर ठरवतो, पाटे नव्हे. पाटे कितीही चढवले तरी उचलली जाते ती बॉडी. गोळा होता तिथेच राहतो. मोठ्या टायरने तो थोडा वर जातो हे खरे, पण मग इंजिनाला चाक ओढणे जड होते, पालच्या घाटात भरलेल्या गाडीचा क्लच लवकर झिजतो आणि स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो.

केळीसाठी तर ताठ पाटे हे थेट नुकसान आहे. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण व्यापारी भाव ठरवतो तो समोरच्या घडाची साल पाहून. खाली आणि कडेला केळीची पाने नीट अंथरलेली असली तरी ताठ पाट्यांची गाडी बऱ्हाणपूर–अंकलेश्वर मार्गावरच्या प्रत्येक खड्ड्यात आदळते, आणि घडाला बसलेला मार त्या दिवशी दिसत नाही; केळी पिकल्यावर तिथे काळा डाग उमटतो. मूळ पाटे बसवल्यापासून आमच्या मालात हा फरक ठळकपणे जाणवला आहे.

गॅरेजमधले काम मी उभे राहून पाहिले. मिस्त्रींनी पाटे खोलून दोन्ही बाजूंच्या कमानीचा बाक दोरी ताणून मोजला, दबलेले पाटे बाजूला काढले, पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट आणि टोकांचे बुश बदलले. पाटे एक्सलला आवळून धरणारे जुने यू-बोल्ट पुन्हा वापरण्यास त्यांनी ठाम नकार दिला, कारण एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तितकीच पकड देत नाही. त्यानंतर त्यांनी मला गाडीखाली बोलावून मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह दाखवला. त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. माल भरल्यावर गाडी बसते, दांडी हलते आणि मागच्या चाकांना ब्रेकचा जास्त दाब मिळतो. “भाऊ, पाटे वाढवले की गाडी बसतच नाही. मग व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी लागतो,” असे त्यांनी सांगितले. पाट्यांनी चेसिस (गाडीचा सांगाडा), बेअरिंग किंवा ब्रेक यांची ताकद तसूभरही वाढत नाही, हे वजन वाढवून धंदा करणाऱ्यांनी ऐकण्यासारखे आहे. याशिवाय मागून उंच झालेल्या रिकाम्या गाडीचे दिवे खाली झुकत आणि रात्री पुढचा रस्ता अपुरा दिसे. इंजिनाची ताकद मागच्या एक्सलपर्यंत नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडल्याने त्याच्या सांध्यातून, म्हणजे क्रॉसमधून, घुमल्यासारखा आवाज येई. दोन्ही त्रास गेले.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार आरसीमध्ये (वाहन नोंदणी प्रमाणपत्रात) नोंदलेल्या आणि उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. जादा वजनाचा दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये, हा वेगळाच.

गॅरेजच्या दोन उणिवा मात्र सांगायला हव्यात. बिलावर सुट्या भागांचे तपशील लिहून दिले जात नाहीत. विमा किंवा पुढील विक्रीच्या वेळी ते लागतात, म्हणून आग्रहाने मागून घ्यावेत. व्हील अलाइनमेंटचीही सोय तिथे नाही, त्यासाठी आम्हाला भुसावळला जावे लागले. मजुरी आधी ठरली तेवढीच घेतली आणि माल भरून एक फेरी झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळण्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. उन्हाळ्यात केळीची कापणी जोरात असताना तिथे गाड्यांची रांग लागते, त्यामुळे हे काम त्याआधीच उरकून घ्यावे आणि गाडी पूर्ण रिकामी करूनच न्यावी.